साखळीवरचा ऊद

१

मारोलोप सिमामोराच्या हातून गेलेली साखळी आणि दुकानातून आणलेली नवी साखळी शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही, असं डोलोकसांग्गुल या डोंगरातल्या गावच्या बाजारात म्हणत. म्हणणारे बहुतेक त्याचंच गिऱ्हाईक, आणि फुकटात कानस मारून घ्यायची असली की जरा जास्तच म्हणत; पण बोलणं खोटं नव्हतं. लाकूडतोडे मुळात आळशी. दिवसभर पाईन कापायचा, संध्याकाळी चेनसॉ भिंतीला टेकवायचा आणि ताडी प्यायला जायचं. राळ मात्र सुट्टी घेत नाही. ती दातांच्या पोटात बसते, भुसा धरते, वाळून काळीठिक्कर होते. मग साखळी तापते, सैल पडते, यंत्र धापा टाकायला लागतं आणि मालक म्हणतो, करवत म्हातारी झाली.

"करवत नाही रे, तूच म्हातारा झालास," असं म्हणून मारोलोप साखळी काढून घ्यायचा.

त्याची रीत ठरलेली होती. आधी लाकडाच्या चिपेनं वरवरची राळ खरवडायची. मग पत्र्याच्या टबात कढत पाणी, त्यात दोन मुठी धुण्याचा सोडा, आणि साखळी तासभर त्यात. मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक दात घासायचा, एकही न चुकवता. पुसून चुलीवरच्या तारेला टांगायची, कारण ओली राहिली तर सकाळी गंज. वाळली की तेलात बुडवून निथळायची. बायको लाम्रिया जिवंत असताना म्हणायची, एवढे लाड माझे केले तर मी दहा वर्षं जास्त जगेन. ती गेली त्याला सव्वा वर्ष झालं होतं.

बुधवारी सकाळी तो चुलीपाशी गेला तो स्वतःची साखळी उतरवायला. आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या डुकरांच्या गोठ्यासाठी चार पाईन पाडले होते आणि संध्याकाळी साखळी धुऊन टांगली होती. तारेवर ती होती, पण धुतलेली नव्हती. दातादातांत चीक भरला होता. काळा नाही, पाईनचा नाही. दुधाळ, कडेला पिवळसर, अजून मऊ.

त्यानं वास घेतला. ऊद होता.

मारोलोप खाली बसला आणि शहाण्या माणसासारखा विचार करायला लागला. ऊदाच्या झाडाला करवत कोणी लावत नाही. त्या झाडाला बोटभर पात्यानं टोचतात आणि तीन महिन्यांनी जखमेवर सुकलेला चीक काढतात. त्याचीही झाडं होती, चाळीसेक, दोन तासांच्या चढावर. सासऱ्यानं लग्नात लाम्रियाला दिलेली. पण तिकडे त्याचा चेनसॉ जन्मात गेला नव्हता. म्हणजे पुसायच्या फडक्याला कधीतरी टोचायचं पातं पुसलेलं असणार, त्याचा ऊद साखळीला लागला असणार. पटण्यासारखं होतं. त्यानं फडकं चुलीत टाकलं आणि पाणी तापत ठेवलं.

"बापा, सकाळी सकाळी धूप कसला घालताय?" आतून तिऊरनं विचारलं.

तिऊर त्याची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, बाताम बेटावर कारखान्यात नोकरीला. आईच्या थडग्याला फरशी बसवायला दोन आठवड्यांची रजा काढून आली होती. सोमवारच्या बसनं आणि पुढे विमानानं बातामला परत जायची होती. तिथं नोकरी होती, आणि रामोत नावाचा मुलगा होता. जानेवारीत लग्न ठरलं होतं.

"धूप नाही, इनांग, फडकं जळतंय," मारोलोप म्हणाला. इनांग म्हणजे आई. तिकडे बाप लेकीला लाडानं आईच म्हणतो.

२

गुरुवारी सकाळी साखळीवर चीक होता. शुक्रवारीही होता. नवं फडकं, नवा ब्रश, पाण्यात सोड्याबरोबर चुलीतली राख, वर रॉकेलचा हात. काही उपयोग नाही. शेजारीच टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या दोन साखळ्या मात्र आरशासारख्या स्वच्छ.

शुक्रवार बाजाराचा. कॉफीच्या टपरीवर पार्लिन बसलेला सापडला. लाम्रियाचा हा धाकटा भाऊ. वयानं लहान, पण मुलगी देणाऱ्या घरचा, त्यामुळे मान त्याचा; त्याच्याशी आवाज चढवून बोलायची सोय नव्हती. दोघं मेहुणे एकमेकांना 'लाए' म्हणत.

"लाए, लोखंडावर बसलेला ऊद कसा काढायचा हो?"

"काढायचा आणि विकायचा! धुऊन टाकताय की काय? श्रीमंत झालात."

"चेष्टा राहू द्या. करवतीच्या साखळीवर बसतोय."

पार्लिनचा चमचा पेल्यात थांबला. "करवत घेऊन तुम्ही ऊदात गेलात?"

"देवाशपथ नाही."

"मग कसा बसला?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय."

पार्लिननं त्याच्याकडे नीट बघितलं. "ताई गेल्यावर मागच्या वर्षी तुम्ही एकटेच टोचायला गेलात. मुटके कोणी केले होते?"

"केले होते की."

"कोणी, ते विचारलं."

"लाए, तुमची कॉफी निवतेय," मारोलोप म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण वाचकांपासून काय लपवायचं? मुटके त्यानं बाजारातून विकत आणले होते.

टोचायला जाताना पहिल्या झाडाला इताक न्यायचे असतात. म्हणजे तांदळाचं पीठ, खोबरं आणि गूळ यांचे घरच्या बाईनं मुठीत दाबून केलेले मुटके. चार बोटांच्या खुणा त्यावर तशाच राहतात. बुंध्याशी ठेवायचे, एक आपण खायचा आणि म्हणायचं, 'घरच्या बाईनं आपल्या मुठीनं तुझ्यासाठी केलेत. खा, आणि असंच भरभरून दे.' एकतीस वर्षं मारोलोप लाम्रियाचे मुटके घेऊन गेला. ती गेली, आणि दोन महिन्यांत हंगाम आला. पार्लिनच्या बायकोला सांगायला हवं होतं, पण बायकोच्या माहेरच्यांना राबवायचं कसं? लाज वाटली. बाजारातल्या म्हातारीकडून चार मुटके घेतले, केळीच्या पानात बांधले आणि गेला. झाडापाशी तोंडातून नेहमीचंच वाक्य निघून गेलं. सवयीनं गेलं असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे दुसरं वाक्य त्याच्या तोंडून निघालंच नसतं. लाम्रिया मेली, हे त्यानं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते नर्सनं सांगितलं, पाद्र्यानं सांगितलं, थडग्यावरच्या पत्र्याच्या पाटीवर रंगाऱ्यानं लिहिलं.

त्या वर्षी ऊद असा आला की एकतीस वर्षांत आला नव्हता.

उठताना पार्लिन एवढंच म्हणाला, "झाड मुकं असतं, लाए. बहिरं नसतं. घरात बाई आहे म्हणालात, तर ते ती असल्याचं धरून चालणार. नसली तर जी असेल ती धरणार." आणि त्यानं मारोलोपच्याही कॉफीचे पैसे दिले, जे तो सहसा करत नसे.

३

शनिवारी दुपारी तो गिऱ्हाइकांच्या साखळ्या पोचवून परतला तेव्हा घरातून कुटण्याचा आवाज येत होता. लाकडी उखळ, मुसळ. सव्वा वर्षात तो आवाज घरात झाला नव्हता. मारोलोप अंगणात उभा राहिला आणि त्याला बरं वाटलं. हे आधी सांगायला हवं: त्याला भीती नंतर वाटली, आधी बरं वाटलं.

तिऊर तांदूळ कुटत होती. शेजारी केळीच्या पानावर मुटके मांडलेले.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात?"

पण लाम्रियानं तिला कधी हात लावू दिला नव्हता. लग्न होऊन जाईल तिथलं शीक, म्हणायची. तिऊरनं पिठाचा गोळा उचलला आणि दाबला. डाव्या मुठीत. लाम्रिया डावरी होती. तिऊर उजव्या हातानं लिहायची, उजव्या हातानं जेवायची, लहानपणी उजव्या हातानं दगड मारून शेजाऱ्याची काच फोडली होती.

फळीवरचा फोन वाजायला लागला. ती दाबत राहिली. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"अगं, घे की. रामोत असेल."

"कोण रामोत?" तिनं कपाळाला आठ्या घालून विचारलं. मग एकदम हसली. "अगबाई, हो की! करीन नंतर." फोनकडे मात्र गेली नाही.

मारोलोप उंबऱ्यावर टेकला. तिच्या केसांत फणी अडकल्यासारखी दिसत होती. अडकली नव्हती, चिकटली होती. मानेपाशी केसांची बट दुधाळ चिकानं वाळून कडक झाली होती.

"इनांग, केसांना काय लागलंय?"

"रोज सकाळी असतं काहीतरी. उशीला पण असतं. रॉकेल लावून काढते." ती सहज म्हणाली, साखळीबद्दल बोलावं तसं. "बापा, मी म्हणते, सोमवारी गेलंच पाहिजे का? मला इथं बरं वाटतंय. घरात बाईमाणूस नको का कोणी?"

शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. म्हणजे आवाज तिचाच होता, पण 'नको का कोणी' म्हणताना मुसळ खाली टेकवून कमरेवर हात ठेवायची तऱ्हा तिची नव्हती. मारोलोपला वाटलं, लेक आईवर जाते, त्यात नवल काय? सगळ्याच लेकी जातात. चाळिशीनंतर जातात, आठवड्यात नाही, असं त्यालाच पुढे सुचलं, आणि तो उठून चुलीकडे गेला.

साखळी तारेवर होती. आज चीक दातांपुरता नव्हता, खाली लोंबून त्याचा गठ्ठा झाला होता, मुटक्याएवढा. त्यावर चार खळगे होते, एकाखाली एक. बोटांचे. त्यानं आपली बोटं लावून पाहिली, मावली नाहीत. तिऊरची बोटं त्याच्यावर गेलेली, लांबसडक. ही आखूड होती.

त्यानं साखळी तशीच गोणपाटात गुंडाळली. त्या रात्री तिऊर निजल्यावर तिची पिशवी त्यानं स्वतः भरली. तिचं तिकीट, कारखान्याचं ओळखपत्र, रामोतनं दिलेली शाल. ही पोर सोमवारच्या बसमध्ये बसली नाही तर कधीच बसणार नाही, हे त्याला अगदी स्वच्छ कळलं होतं. नोकरी जाईल ते जाऊ दे. पण जानेवारीत नवरीच्या जागी कोण उभी राहील?

४

रविवारी चर्चमध्ये तिऊर त्याच्या शेजारी होती, उपासना संपेपर्यंत. बाहेर आल्यावर त्यानं तिला पार्लिनच्या बायकोच्या हवाली केलं. "माझ्या येईपर्यंत हिला सोडू नका, वहिनी. स्वयंपाकघरात मात्र जाऊ देऊ नका."

"एवढी वाईट करते?" वहिनी हसली. तिऊरही हसली.

घरी जाऊन त्यानं चेनसॉ उचलला, साखळी रॉकेलमध्ये घासून काढली, त्याच्या लांब पट्टीवर चढवली आणि चढाला लागला. डोक्यात एकच होतं, ते पहिलं झाडच नको. मूळच गेलं म्हणजे फांद्यांना काय विचारायचं! दोन तास तो हे मनात घोकत चालला, त्यामुळे दुसरं काही मनात आलं नाही.

ऊदाच्या रानात दुपारीही सावली असते. झाडं जिथल्या तिथं होती. मागच्या वर्षीच्या जखमा भरून आल्या होत्या. पहिलं झाड सगळ्यांत जाड. लग्नाच्या वर्षी त्यानं आणि लाम्रियानं मिळून त्याच्या बुंध्याला कवेत घेतलं होतं. त्यानं दोरी ओढली. यंत्र सुरू झालं, आणि साखळी पट्टीवर एक फेरा फिरून थांबली. झाडाला तिचा दातसुद्धा लागला नव्हता.

यंत्र बंद केल्यावर फार शांत झालं. साखळी चिकानं पट्टीला घट्ट बसली होती. त्यानं हातानं ओढली, हलेना. करवत ठेवायला तो वाकला, तेव्हा त्याला बुंध्याशी केळीचं पान दिसलं. हिरवं पान. त्यावर चार मुटके.

तिऊर आदल्या दिवशी घराबाहेर पडली नव्हती. आज ती त्याच्या शेजारी बसून गात होती. मारोलोपनं एक मुटका उचलला. तो गरम होता.

आता खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. चूक कबूल केली की सुटते. लहानपणापासून तेच ऐकलं होतं. 'ती मेली. मी बाजारातले मुटके आणले. मी खोटं बोललो.' एवढंच. त्यानं तोंड उघडलं, आणि पार्लिनचं बोलणं त्याला आठवलं. ती नसली तर जी असेल ती. घरात असेल ती कोण? लाम्रिया नाही, हे एकदा इथं बोललं की घरची बाई म्हणून एकच जण उरत होती.

मारोलोप बराच वेळ तोंड उघडं ठेवून उभा होता. कुणी पाहिलं असतं तर वेडा म्हटलं असतं.

मग त्यानं हातातला मुटका खाल्ला, सगळा. गूळ बेताचा होता, लाम्रिया घालायची तेवढाच. बुंध्यावर हात ठेवून तो नेहमीच्या आवाजात, माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "घरच्या बाईनं आपल्या मुठीनं तुझ्यासाठी केलेत. लाम्रियानं. ती घरीच आहे. पोरगी आमची पाहुणी. लेक दुसऱ्या घरची असते. उद्याच्या बसनं ती जाणार. घरात बाई आहे आमच्या. दुसरी नको."

मागच्या वर्षी हे सवयीनं म्हटलं होतं. या वर्षी त्यानं समजून उमजून म्हटलं.

खाली ठेवलेल्या करवतीकडून बारीक आवाज आला. त्यानं बोटानं साखळी ओढून पाहिली. ती पट्टीवरून सरसर फिरली, कोरडी, आत्ताच धुऊन वाळवल्यासारखी.

५

सोमवारी तिऊर पहाटेच उठून स्वतःवरच चिडत होती. "बापा, रामोतचे चौदा कॉल! मला हलवून उठवलं का नाही? तो म्हणतोय, मेलीस की काय. आणि ही पिशवी कोणी भरली? शाल अशी कोंबतात का?" उजव्या हातानं फणी घेऊन तिनं केस विंचरले. फणी कुठं अडली नाही.

बसथांब्यावर तिनं त्याचा हात धरला. "एकटे नीट राहाल ना?"

"माझी काळजी नको करू, इनांग."

"जानेवारीत तुम्ही यायचं. नाही म्हणायचं नाही."

बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग त्याला रडू आलं. सुटल्याचं होतं की एकटं पडल्याचं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पार्लिननं त्याला मोटारसायकलवरून घरापर्यंत आणून सोडलं. अंगणात त्यानं गाडी बंद केली नाही आणि आतही आला नाही. "येतो, लाए," म्हणाला आणि घाईनं वळला.

दिवसभर मारोलोप पडवीत काम करत बसला. गिऱ्हाइकांनी नव्यानं आणलेल्या साखळ्या त्यानं आज पडवीतच टांगल्या होत्या; स्वच्छ होत्या, तिन्ही. स्वयंपाकघरात त्यानं पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी पडवीतल्या बाकावर झाकलेली ताटली होती. भात, तळलेला मासा, मिरचीची चटणी. पार्लिनच्या बायकोनं पाठवली असेल, असं म्हणत तो जेवला. चटणी त्याला लागते तशीच होती. ताटली कुणाची, हे विचारायला तो पार्लिनकडे गेला नाही.

मंगळवारी दुपारी फोन वाजला तेव्हा तो पडवीतच होता, रस्त्याकडे तोंड करून, मांडीवर कुणाची तरी साखळी घेऊन. आत मुसळाचे ठोके पडत होते. सकाळपासूनच पडत होते. त्यानं मागे वळून बघितलं नव्हतं.

"बापा, पोचले! विमान दोन तास उशिरा. रामोत आला होता घ्यायला. कारखान्यात सुपरवायझर बाई ओरडल्या, पण घेतलं कामावर." तिचा आवाज मोकळा होता, बातामच्या उकाड्याला शिव्या देणारा, तिचा. मारोलोपचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं, इनांग. जेवलीस?"

"जेवले. बापा, जानेवारीच्या लग्नातल्या पोशाखाचा रंग विचारायचाय. तुम्हाला नाही कळायचं. आईला द्या ना जरा."

मारोलोपनं मांडीवरची साखळी बाकावर ठेवली.

"बापा? आहे ना ती? मागं कुटतेय, ऐकू येतंय मला. द्या की."

तिच्याच हातांनी आठ दिवसांपूर्वी थडग्यावर फरशी बसली होती. सिमेंट लागून तिची नखं फुटली होती, ती त्यानं पाहिली होती. आता सांगायला हवं होतं. तीन शब्द होते. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

आतले ठोके थांबले.

तीन शब्द बोललो तर पोर पुढच्या बसनं परत येणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि या खेपेला तिची पिशवी भरून द्यायला बाप पुरा पडणार नव्हता.

"देतो," तो म्हणाला.

मागे न बघता त्यानं फोन खांद्यावरून पाठीमागे धरला. पावलं आली, अनवाणी, चिखलातून निघावीत तशी, दर पावलाला थोडी चिकटून सुटणारी. उंबऱ्यापाशी थांबली. ऊदाचा वास आला. आखूड, गार बोटांनी त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

पलीकडून तिऊरचा आवाज बारीक ऐकू येत होता. ती हसत होती, "आई, अगं किती दिवसांनी!" म्हणत होती.

मारोलोप रस्त्याकडे बघत बसून राहिला. आत्ता कुणी गिऱ्हाईक येऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं.